रेषा कुणाची, रंग कुणाचे?

पत्र (जागेअभावी थोडं आटोपशीर करून):

"ताई, मी सांगलीत राहतो. हेड क्लार्क म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मुलगा-सून पुण्यात, नात पहिलीत. तिला इथं चिऊ म्हणू. गेल्या पावसाळ्यापासून आमचा एक खेळ सुरू होता. सूनबाई नेटवरून रंगवायचं एखादं चित्र मला व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. मी ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचो. तेच चित्र चिऊ तिकडं टॅबवर रंगवणार, मी इकडं कागदावर खडूनं. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोन्ही शेजारी धरायची आणि भांडायचं. अडचणी अशा. प्रिंट भुरकट येते, कधी कड तुटते. एकदा हत्तीची सोंडच गेली. दिवाळीत मोबाईल बदलला, त्यात पन्नासेक चित्रं गेली. शिवाय आमच्या मंडळाला रंगभरण स्पर्धा घ्यायची आहे, चिऊच्या चित्रांपैकी एका कार्टूनच्या शंभर प्रती काढल्या तर चालेल का? आणि आता जे लिहितोय ते जड जातंय. चिऊचा गणवेशातला, हातात चित्र धरलेला फोटो मी आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला. कौतुकानं, नाव आणि शाळा लिहून. तो फिरत फिरत सूनबाईंकडंच परत आला. तेव्हापासून चित्रं येणं बंद. सूनबाई बोलतात, पण कामापुरतं. माझं एवढं काय चुकलं?"

काका, सप्रेम नमस्कार.

शेवटचा प्रश्न विचारायलाच हे पत्र लिहिलंय, हे कळलं. तरी मी सोंडेपासून सुरुवात करते. सोपं आधी उरकलं की अवघड बोलायला बरं पडतं.

सोंड गेली त्याचं खापर झेरॉक्सवाल्यावर फोडू नका. नेटवरची रंगवायची बरीच पानं अमेरिकेतल्या कागदाच्या मापानं केलेली असतात, आणि तिकडचा कागद म्हणजे आपला ए-फोर नव्हे. त्यांचा 'लेटर' कागद २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ उंच. आपला ए-फोर २१० रुंद, २९७ उंच. त्यांचं पान आपल्यापेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर बुटकं. त्यातून आपल्या नेहमीच्या प्रिंटरना कागदाच्या टोकापर्यंत छापता येत नाही. चारी बाजूंनी थोडी पट्टी कोरी सोडावीच लागते. पान भरून काढलेला हत्ती असला की सोंड नेमकी त्या पट्टीत जाते. छापायच्या वेळी 'ॲक्चुअल साइज' आणि 'फिट' असे पर्याय येतात. दुकानात "फिट टू पेज करून दे रे" एवढंच म्हणा. काउंटरवरच्या पोराला कळतं.

भुरकटपणाचं कारण वेगळं आहे. माझा अंदाज असा, की सूनबाई घाईत स्क्रीनशॉट काढून पाठवत असणार. लहान पोर मांडीवर ओढत असताना कोण डाउनलोडचं बटण शोधत बसतंय! पण पुष्कळशा मोबाईलचा पडदा १०८० ठिपके रुंद असतो, आणि इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं ए-फोरभर स्वच्छ छापायला २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात. निम्म्याहूनही कमी ठिपक्यांचं चित्र कागदभर ताणलं की गोलाईला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. वर ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून गेलं की आणखी दाबून लहान केलं जातं. माणसांच्या फोटोत ही दाबादाबी खपून जाते. काळ्या रेषेच्या चित्रात मात्र रेषेला दोन्ही अंगांनी राखाडी किटण धरतं. तुम्हाला भुरकट दिसतं ते हेच किटण.

उपाय पाठवणाऱ्याच्या हातात आहे. चित्र जिथून घेतलं तिथं पीडीएफ असेल तर ती उतरवून घ्यायची आणि व्हॉट्सॲपमध्ये पिनेच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' म्हणून जोडायची. मग ती जशीच्या तशी पोहोचते. आली की दोन बोटांनी चांगली मोठी करून बघा. कितीही ताणली तरी रेषा सुरीच्या धारेसारखी राहिली तर उत्तम. दाणे दिसू लागले तर आत फोटोच गुंडाळून दिलाय असं समजा. पीडीएफ नसेल तर पीएनजी घ्यावी. जेपीजी शेवटी. आणि हो, कोरं चित्र आधी उतरवून ठेवायचं, रंगवायला मग घ्यायचं. एकदा टॅबवर हत्ती जांभळा झाला की त्यातून कोरा हत्ती परत काढणं कटकटीचं आहे.

(हत्ती जांभळा का, यावरून नातीशी भांडत असाल तर माझं मत नातीला.)

आता कागद-शाईचं थोडं, कारण मी पोरांचा चित्रकलेचा वर्ग घेते, हा माझा प्रांत. दुकानातलं झेरॉक्स मशीन काळी भुकटी तापवून कागदावर बसवतं, म्हणून त्या रेषेवरून पाण्याचा हात फिरला तरी ती हलत नाही. घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई बऱ्याचदा पाण्यानं पसरते. स्केचपेन फिरवला तरी काळा ओघळ पिवळ्यात शिरतो. खात्री करायची तर छापलेल्या पानाच्या कोपऱ्यात थुंकीचं बोट घासून बघा. साधा ७५ जीएसएम वजनाचा झेरॉक्स कागद मेणखडू, तेलखडू, रंगीत पेन्सिली यांना पुरे. जलरंगांना तो पुरत नाही, पापडासारखा वळतो. त्यासाठी जाड ड्रॉइंग पेपर स्वतः नेऊन द्या आणि हातानं एकेक सरकवून छापतील का ते विचारा. सगळ्याच मशीनला तो झेपत नाही. जास्त प्रती हव्या असतील तर एक चांगली प्रिंट काढायची आणि तिच्या झेरॉक्स मारायच्या. आमच्या गल्लीत प्रिंट पाच रुपयांना नि झेरॉक्स दोन रुपयांना आहे. तुमच्याकडंही फरक असणारच.

खडूनं रंगवलेल्या पानाची मागची कोरी बाजू वाया जाऊ नये म्हणून ते पुन्हा मशीनमध्ये घालू नका, हे मात्र हात जोडून सांगते. मी घातलंय. वर्गातली वीस-पंचवीस पानं घेऊन गेले, काटकसर म्हणून. आतल्या उष्णतेनं तेलखडू वितळला, रुळाला चिकटला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्यावर नारिंगी सूर्याचा पट्टा उमटला. दुरुस्तीचे पैसे मी भरले. त्या दुकानात आजही माझ्या हातातले कागद आधी पालथे करून बघतात.

गेलेल्या पन्नास चित्रांचं दुःख मला समजतं. मीही सांगलीचीच. २०१९च्या ऑगस्टमध्ये इथं आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. माझा बालचित्रकलेचा वर्ग तेव्हा गावभागात तळमजल्यावर होता. २००५चं पाणी कुठवर आलं होतं त्याची भिंतीवर खूण होती. मोठ्या शहाणपणानं मी त्या खुणेच्या वर, टेबलावर टेबल चढवून, चित्रांच्या दोन ट्रंका ठेवल्या. पाणी खूण ओलांडून वर गेलं. ओसरल्यावर झाकण उघडलं तर आत एकच एक लगदा. स्केचपेनची चित्रं साफ धुऊन निघालेली, पोस्टर रंगांचा गाळ झालेला, आणि त्या लगद्यावर तेलखडूचे पिवळे गोल तेवढे जागच्या जागी. मेण-तेलाला पाणी शिवत नाही ना! बारा वर्षांच्या चित्रांतली तीसेक आज माझ्यापाशी आहेत, ती सुद्धा कुणाकुणाच्या आयांनी मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते म्हणून. माझा कागद पुरात गेला, तुमचा मोबाईल दिवाळीत गेला. तेव्हा दोन ठिकाणी ठेवा, एवढंच म्हणते.

तुमची चित्रं बहुतेक गेलेलीच नाहीत. सूनबाईंनी पाठवली होती, म्हणजे त्यांच्या मोबाईलवर तुमच्या चॅटमध्ये ती अजून असू शकतात. नावावर टिचकी मारली की 'मीडिया, लिंक्स, डॉक्स' येतं, तिथं ओळीनं बघता येतात. चिऊनं टॅबवर रंगवलेली त्या ॲपच्या आत असतील. ती मात्र घाईनं काढून घ्यायला हवीत, कारण अशी पुष्कळ ॲप्स चित्रं स्वतःच्याच पोटात ठेवतात. ॲप काढलं किंवा टॅब पुसून नवा केला की चित्रांसकट जातं. प्रत्येक चित्र 'सेव्ह' करून गॅलरीत आणायचं. थोडक्यात, दोन्हींसाठी सूनबाईंना फोन करावा लागणार आहे. त्याकडं येतेच.

पुढं ठेवायचं कसं, हे तुम्हाला मी काय शिकवणार! जन्मभर बारनिशी, म्हणजे आल्या-गेल्या टपालाची नोंद, सांभाळलीत. मोबाईलवर दोन फोल्डर करा: 'आवक' आणि 'जावक'. कोरी आलेली चित्रं आवकेत, रंगवून झालेली जावकेत. फाइलचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग 'हत्ती'. वर्ष पुढं ठेवलं की नावानुसार लावल्यावर ती आपोआप क्रमानं लागतात. दोन्ही फोल्डर गुगल ड्राइव्हवर चढवा. फुकट मिळणारी १५ जीबी जागा ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते, पण एक एमबीचं एक चित्र धरलं तर हजार चित्रांना एक जीबी. चिऊ दहावीला जाईपर्यंत पुरेल. तुमच्या खडूच्या कागदांचे फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, कागद करडा येतो आणि तुमची सावली चित्रावर पडते. दिवसा खिडकीशी धरा, आणि ड्राइव्हमध्येच 'स्कॅन' आहे ते वापरा. कडा सरळ करून देतं.

सगळंच जपायचा अट्टहास मात्र नको. महिनाअखेरीला चिऊला विचारा, यातली चार कुठली ठेवायची? ती तुम्हाला न आवडलेली चारच निवडेल. तीच ठेवा.

मंडळाचं चटकन सांगते. मी वकील नाही, पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात खासगी वापरापुरती मोकळीक दिलेली आहे. तुम्ही नि चिऊ घरात बसून रंगवता, तो खासगी वापर. मंडळानं शंभर प्रती वाटल्या, खाली कुणा बिल्डरची जाहिरात छापली, वीस रुपये प्रवेश फी लावली, तर त्याला खासगी म्हणायची माझी तरी छाती नाही. काही ठिकाणी शाळेत वाटायला परवानगी असते. ती तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली असते, वाचून घ्यावी. पण कार्टूनचं पात्र सोडूनच द्या. उगीच झंझट, आणि तसंही ती पात्रं बघून बघून पोरांना कुठला रंग भरायचा ते पाठ झालेलं असतं. भरायला उरतंच काय?

तुम्हीच काढा की! १९२९चा आपला आयर्विन पूल काढा. कमानी एकसारख्या, खाली कृष्णा, वर एक सायकलवाला. किंवा मिरजेचा तंबोरा. त्या भोपळ्याची गोलाई एवढी मोठी असते की चार वर्षांच्या पोरालाही खडू मनसोक्त फिरवता येतो. हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं आतून कशी असतील ते काढलंत तर मोठी माणसंसुद्धा बघायला थांबतील. पेन्सिलीनं काढा, जाड काळ्या मार्करनं गिरवा, पेन्सिल खोडा. कडेनं दीड सेंटिमीटर जागा सोडा, सोंडेची आठवण ठेवून. आणि प्रत्येक आकार बंद करा. कमान खाली उघडी राहिली तर कागदावर काही बिघडत नाही, पण टॅबवर पोरं रंगाची बादली ओततात. सुईएवढ्या फटीतून निळा रंग निसटतो आणि पूल, सायकलवाला, आकाश सगळं एका टिचकीत निळं होतं. ते बघून पोरं खूश होतात, हा भाग वेगळा.

आता चौथं.

काका, चुकलं. मनात वाईट काही नव्हतं, आणि तरी चुकलं. त्या फोटोत चिऊचा चेहरा आहे, गणवेश आहे, खाली नाव आणि शाळा तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिली आहे. कुणीही अनोळखी माणूस फाटकाशी उभा राहून तिला नावानं हाक मारू शकतो, आणि सहा वर्षांची पोर नावानं हाक आली की ओ देते. तुमचे मित्र सज्जन आहेत, यात शंका नाही. पण फोटो त्यांच्यापाशी थांबला नाही ना! पूर्वी आजोबा नातवाचं चित्र घडी घालून खिशात ठेवायचे, कट्ट्यावर पाच जणांना दाखवायचे आणि घडी परत खिशात. तुम्ही तेच केलंत असं तुम्हाला वाटलं. ग्रुपवर मात्र घडी परत खिशात येत नाही. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला अडीच दिवसांची मुदत असते, तीही केव्हाच उलटली, आणि लोकांनी पुढं ढकललेल्या प्रती तशाही पुसल्या जात नाहीत.

मला वाटतं, सूनबाईंना फोटोपेक्षा जास्त लागलं ते न विचारणं. रंगवायच्या पानाला बघा, दोन मालक असतात. रेषा कुणा चित्रकाराची, रंग चिऊचे. मंडळासाठी रेषा वापरायच्या आधी तुम्ही मला पत्र लिहून विचारलंत. रंग आणि पोर ग्रुपवर टाकायच्या आधी पुण्याला एक फोन केला नाहीत. तुमच्या बारनिशीत कुणाचं आलेलं टपाल तुम्ही फोडून नोटीसबोर्डावर लावलं असतंत का?

तेव्हा फोन करा. मुलाला मध्ये घालू नका, हात जोडलेल्या इमोजीचा मेसेज नको, आणि 'पण माझ्या मनात' हे शब्द तर अजिबात नकोत. आधी ग्रुपवर लिहा, की तो फोटो सगळ्यांनी आपापल्या मोबाईलमधून काढून टाकावा. मग सूनबाईंना सांगा: "चुकलं माझं. ग्रुपवर काढून टाकायला सांगितलंय. पुढं काय दाखवायचं, काय नाही, ते तुम्ही ठरवा, मी तसं वागेन." एवढंच. मग गप्प बसा. त्या चिडून दोन वाक्यं बोलल्या तर ऐकून घ्या. तुमच्या नोकरीत साहेबांची याहून जास्त ऐकली असतील. चित्रांचा विषय त्या दिवशी काढू नका. पन्नास चित्रं सूनबाईंच्या मोबाईलवर आणखी आठवडाभर सुखरूप राहतील.

त्यांनी विचारलंच, की पुढं काय करणार, तर माझ्याकडून दोन-तीन गोष्टी सुचवा. दाखवायचं ते नुसतं चित्र, त्यात पोर नाही. कोपऱ्यात चिऊनं ठळक अक्षरांत नाव लिहिलेलं असतं, तेवढा कोपरा कापून. आणि प्रत्येक वेळी चिऊला विचारून: "हे मी माझ्या मित्रांना दाखवू का?" ती कधी नाही म्हणेल. त्या दिवशी दाखवायचं नाही. मघाशी सांगितलेली डॉक्युमेंटची युक्ती कोऱ्या चित्रांपुरतीच ठेवा. चिऊचा फोटो तसा पाठवू नका, कारण मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आणि मोबाईलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटो कुठं काढला तेही तिच्यासोबत जातं. झेरॉक्सच्या दुकानात त्यांच्या नंबरवर फाइल पाठवता, तिथंही फक्त कोरी चित्रं जाऊ देत. छापून झालं की समोरच डिलीट करायला सांगा. रागावत नाहीत, त्यांच्याही कॉम्प्युटरची जागा मोकळी होते.

आणि सूनबाईंकडून चित्र यायची वाट बघत बसू नका. या वेळी पूल तुम्ही काढून पाठवा, स्कॅन करून. रविवारी चिऊ तो जांभळा करून दाखवेल, तेव्हा तुमचा करडा पूल शेजारी धरा.

कोरा पूल एक मलाही हवा, वर्गातल्या पोरांसाठी. रेषा तुमची आहे, म्हणून आधी विचारते, चालेल ना? पाठवाल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.